दि. ८३

काही माणसं आपल्या वाटेनं जाता जाता आजूबाजूचं जग थोडं सरळ करून जातात.

हे वाक्य माझं नाही, ताई. तुझ्या शोकसभेच्या अध्यक्षांचं आहे. त्यांनी ते दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. मी मागच्या रांगेत होतो आणि माझ्या मनात आलं, असं असेल तर तुझी गाडी डावीकडे का ओढते?

तू असतीस तर हे उभं राहून विचारलं असतंस. मी ग्रंथपाल होतो. आयुष्यभर लोकांना ‘शांतता राखा’ सांगितलं, म्हणून गप्प बसलो. पुढचे वक्ते म्हणाले, मॅडमची राहणी अत्यंत साधी होती. तुझी लाल, दोन सीटांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार त्या वेळी नालवाडीत आपल्या घरासमोर उभी होती, आणि हेच वक्ते एकदा तिच्यात बसून गुडघे छातीशी घेऊन स्टेशनपर्यंत गेले होते. गाडीचा उल्लेख कोणीच केला नाही. निवृत्त शिक्षिकेच्या शोकसभेत तो शोभला नसता. फोटोचा हार एका बाजूनं जड झाला होता, त्यामुळे तूही जरा डावीकडे कललेली होतीस.

आज तुला जाऊन तेवीस दिवस झाले. भेटायला येणारे विचारतात, शेवटी काय बोलणं झालं? मी सांगतो, विशेष काही नाही. खरं इथं लिहितो. शेवटी आपलं भांडण झालं, आणि ते गाडीच्या अलाइनमेंटवरून झालं. चाकं एकमेकांशी आणि रस्त्याशी नेमक्या कोनात आणायचं ते काम, ज्यावर तू शेजाऱ्यांनाही व्याख्यान द्यायचीस. कोण बरोबर ते ठरायच्या आत तू गेलीस. मला ते ठरवायचं होतं. शोक नंतर करता येतो, टायर मात्र बसून बसून बिघडतात, असं तुझी भावजय म्हणाली.

भांडण कुठून सुरू झालं ते तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तू नेहमी तुझ्या बाजूनं सांगायचीस.

बत्तीस वर्षं तू अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलंस. निवृत्तीनंतर सगळे तीर्थयात्रेला जातात. तू नागपूरच्या एका डॉक्टरची जुनी गाडी घेऊन आलीस. त्या डॉक्टरला कंबरेमुळे तिच्यात बसता येईना, आणि बसलं तर उठता येईना. मी म्हटलं, ताई, हे काय सोंग?

“बत्तीस वर्षं फळ्यावर वळण काढलं,” तू म्हणालीस. “एक डाव घिऊन तं पाहू दे.”

 मी तुझ्या डाव्या बाजूला बसायला लागलो. नाव ठेवत बसलो, पण बसलो. आंजीच्या रस्त्यानं आपण सकाळी जायचो, तू वळणावर सांगायचीस, आता बाहेर फेकल्यासारखं वाटन, ते वाटणं खोटं आहे, आणि मी दाराला धरून म्हणायचो की खोटं असलं तरी फार जोरात आहे.

मग मागच्या वर्षी तू नवे टायर घातलेस, गॅरेजवाल्या गजूकडून अलाइनमेंट करून घेतलीस आणि तेव्हापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. फार नाही. हात सैल सोडला की सावकाश, एखाद्या माणसाला रस्त्यात ओळखीचं कोणी दिसावं तशी, डाव्या कडेला जायची. मी म्हटलं, रस्त्याचाच दोष आहे. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच असतो, आपण डावीकडून चालतो, गाडी उताराला लागते. मी हे वाचलेलं होतं. तू म्हणालीस, वाचलेलं आहे ना, मग पडताळून पाहू. पहाटे रस्ता मोकळा असताना उजव्या बाजूनं चालवून पाहायची. मी म्हटलं, या वयात उलट्या बाजूनं गाडी चालवताना पकडले गेलो तर पोलिसाला काय सांगायचं? तू म्हणालीस, “प्रयोग.”

तो प्रयोग मी होऊ दिला नाही. समुद्रपूरला लग्नाला जाताना वाद पुन्हा निघाला. अर्ध्या रस्त्यात तू गाडी थांबवलीस, मला सीटवरच बसवून ठेवलंस आणि पुढच्या डाव्या चाकाजवळ शाळेची फूटपट्टी घेऊन वाकलीस. मला वाटलं टायरमधला खडा काढते आहेस. परत बसलीस आणि शांतपणे म्हणालीस, “दिगू, तू बसला का वढते. मी एकटी असली का नाई वढत.”

एवढंच. लग्नाच्या कपड्यात, पोट पट्ट्याखाली आवळलेलं असताना ऐकलेलं ते वाक्य मी मनावर घेतलं. परत येताना एसटीनं आलो. तू माझ्या एसटीला ओव्हरटेक करून हॉर्न वाजवलास, तोही लांबलचक. त्यानंतर मी तुझ्या गाडीत बसलो नाही. तू चार-सहा वेळा विचारलंस. मी प्रत्येक वेळी काहीतरी वाचत होतो.

आणि मग तो बुधवार. तू जिन्याच्या खालच्या पायरीवर, मी वर.

“रविवारी गॅरेजमधी येजो. तासभर बसा लागन.”

“कायले?”

“तुह्या वजनाचं काम आहे.”

“मी काय पोतं आहो का?”

“पोतं बरं. ते तोंड नाई चालवत.”

मी दार लावून घेतलं. जोरात नाही, पण तुला ऐकू जाईल इतकं. गुरुवारी आपण बोललो नाही. शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

पंधराव्या दिवशी मी तुझ्या खोलीतून गाडीची वही काढली. ती तू प्रॅक्टिकलच्या जर्नलसारखी ठेवलेली असणार हे मला कळायला हवं होतं. डावीकडे कोरं पान आकृतीसाठी, उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, दक्षता, निरीक्षण, निष्कर्ष. उद्देश: गाडी सरळ नेणे. अलाइनमेंट हे गॅरेजवाल्यानं करायचं काम आहे असं मी समजत होतो. तुझ्या मते ते काम शेवटचं आणि सगळ्यात सोपं. खरं काम त्याच्या आधीचं, घरी करायचं.

मी ते केलं, ताई. अविश्वासानं केलं, पण क्रमानं केलं. सांगतो, कारण कोणी तपासायला नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची. चारही चाकांत तू लिहिलीस तेवढी. पेट्रोल अर्धी टाकी, कारण तू बहुतेक वेळा अर्ध्या टाकीवर फिरायचीस. गाडी जशी वापरायची तशीच मोजायची. डिकी रिकामी करायची. डिकीत काय होतं? एक छत्री, चाकाला लावायला वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा, आणि माझा राखाडी स्वेटर, जो हरवल्याबद्दल मी दोन हिवाळे धोब्याला दोष दिला.

चाकांच्या आतल्या बाजूला आपली काळी माती वाळून दगड झालेली. ती काढल्याशिवाय मोजमापाचे चिमटे नीट बसत नाहीत, असं तू लिहिलं आहेस, आणि कंसात ‘जुना टूथब्रश’. मी अंगणात पाटावर बसून दोन तास चाकं घासली. रस्त्यानं जाणारे एक गृहस्थ थांबले आणि हळहळून म्हणाले, “बहिणीची आठवण आहे, जपा लागते.” मी हो म्हटलं. मी आठवण जपत नव्हतो, रिमच्या कडेची चपटी माती काढत होतो. पण लोकांना जे दिसतं ते काढून घेऊ नये.

मग दक्षता. पहिलीच ठळक अक्षरात: जे ढिलं आहे ते मोजू नये. चाक उचलून वर-खाली आणि आडवं धरून हलवायचं. आत कुठे ठकठक झाली तर तो सांधा आधी बदलायचा. ढिल्या सांध्याचं माप घेतलं तर ते फक्त त्या क्षणाचं माप असतं. मला हे फार आवडलं. शोकसभेतली भाषणं मी मनातल्या मनात धरून हलवून पाहिली, तीन ठिकाणी ठकठक आली.

दुसरी दक्षता: बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. ती चार चाकांवर, स्वतःच्या वजनानं उभी असताना आवळायचे. आणि जॅकवरून उतरवल्यावर लगेच मोजायचं नाही, थोडी पुढे-मागे ढकलून तिला बसू द्यायची, कारण उचललेली गाडी उतरवल्यावरही काही वेळ पाय अवघडल्यासारखी उभी असते. तिसरी: स्टिअरिंगच्या दांड्यांचे नट गंजलेले आहेत, आठ दिवस आधीपासून रोज तेल सोडणे. त्यापुढे तुझ्या अक्षरात चार बरोबरच्या खुणा. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. म्हणजे माझ्याशी न बोलण्याच्या दिवशीही तू खाली वाकून नटांना तेल सोडलंस. पुढचे चार दिवस मी सोडलं. खुणा केल्या नाहीत. तुझ्या वहीत मी लिहिणं बरं दिसलं नसतं.

एकच गोष्ट खटकली. ‘साहित्य’मध्ये शेवटी लिहिलं होतं: मी ६५, दि. ८३.

मी ६५ कळलं. चालकाच्या सीटवर चालकाचं वजन ठेवून मोजायचं असतं, ते तुझं वजन. पण दि. ८३? दिनांक त्र्याऐंशी? महिना नाही, साल नाही. तू कधी तारीख अर्धी सोडली नाहीस. परीक्षेत तारीख न लिहिणाऱ्याचा तू अर्धा मार्क कापायचीस. मला भीती वाटली ती अशी, की शेवटच्या दिवसांत तुझं काही विसरायला होत होतं का, आणि मी वरच्या मजल्यावर वाचत बसल्यामुळे मला ते दिसलं नाही का. दोन रात्री मी त्या ८३ वर घालवल्या. एकोणीसशे त्र्याऐंशी साली काय झालं होतं तेही आठवून पाहिलं. विशेष काही नाही. तू बी.एड. करत होतीस आणि माझा पुढचा दात तुटला होता.

रविवारी मी स्वतः गाडी चालवत गजूकडे गेलो. वाटेत ती कुठे ओढली का ते सांगता येत नाही, मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की तिला ओढायला जागाच नव्हती. गजूचं गॅरेज नागपूर रोडवर, शेजारी खताचं दुकान. गजू तुझा विद्यार्थी. आता पंचेचाळिशीचा, तीन मुलींचा बाप, पण तुझं नाव निघालं की अजूनही हात मागे घेऊन उभा राहतो.

“सर, मॅडम असत्या तं स्वतःच बसत सीटवर,” तो म्हणाला. “पुस्तक घिऊन. तासभर हालत नोव्हत्या. मले म्हणत, गजानन, मी हालली का माप हालते.”

मी त्याला वही दाखवली. दि. ८३ वर बोट ठेवलं.

“हे काय आहे रे?”

“तारीख व्हय ना.”

“त्र्याऐंशी तारीख?”

“मागच्या सालीबी मॅडमनं चिठ्ठी देल्ली, त्याच्यातबी हेच होतं. मले वाटलं तारीख असन, महिना लिवाचा राह्यला असन.”

“मग विचारलं काऊन नाई?”

“मॅडमले कोन इचारन, सर? प्रॅक्टिकलमधी एक डाव इचारलं होतं, का मॅडम, तुमचं माप चुकलं का. ते पूर्ण जर्नल मी तीन डाव लिवलं.”

मग त्याला कामाचा प्रश्न पडला. आता मॅडम नाहीत, तर चालकाच्या सीटवर वजन कोणाचं धरायचं? गाडी यापुढे मीच चालवणार असेन तर माझं. “सर, तुमचं वजन किती?”

“पंच्याहत्तर असेल.”

त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अदबीनं मला शेजारच्या खताच्या दुकानात नेलं. तिथल्या काट्यावर मी उभा राहिलो. दुकानदारानं आकडा मोठ्यानं वाचला, पोत्यांचा वाचतात तसा.

“त्र्याऐंशी.”

गजूनं वहीतल्या त्या ओळीकडे पाहिलं. मी काट्यावरच उभा. दुकानदारानं विचारलं, उतरता का आता?

मला आधी आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तुला माझं वजन कळलं कसं? मी ते तुला कधी सांगितलं नाही, स्वतःलाही खरं सांगत नव्हतो. मग समुद्रपूरच्या रस्त्यावरची फूटपट्टी आठवली. तू खडा काढत नव्हतीस. मी बसल्यावर गाडी डाव्या बाजूला किती खाली बसते ते मोजत होतीस. स्प्रिंगवरून वजन. अकरावीचा प्रयोग. पण मग लगेच लक्षात आलं की समुद्रपूर नंतरचं. गजूला दिलेली चिठ्ठी त्याच्याही आधीची. म्हणजे त्याआधीही कधीतरी, आंजीच्या रस्त्यावर, मी दाराला धरून कुरकुर करत असताना तू एकदा वाकली असशील.

दि. म्हणजे दिनांक नाही, दिगंबर. आणि तू ते पहिल्यापासून लिहीत होतीस. एक माणूस चालवणार, दुसरा शेजारी बसणार, दोघांच्या वजनावर गाडी सरळ करायची. गजूनं तारीख समजून ती ओळ सोडली. गाडी तुझ्या एकटीसाठी लागली, आणि म्हणून मी बसलो की ओढायला लागली. ‘तू बसला का वढते’ हे तुझं निरीक्षण होतं. मी ते निष्कर्ष म्हणून ऐकलं. मला वाटलं, तू मला उतर म्हणते आहेस.

यात राग कोणावर धरायचा ते कळेना. गजूचे डोळे भरले होते. “माह्या हातून झालं, सर. एक शब्द इचारला असता तं.” मी त्याला म्हटलं, तू निदान तीनदा जर्नल लिहिलं होतंस, मला विचारायला कोणती भीती होती? सरळ विचारायचं होतं की ताई, मी बसल्यावर ओढते तर काय करायचं? तू सांगितलं असतंस. तुझं उत्तर तयार होतं, बुधवारी जिन्याखाली उभी राहून तू तेच सांगत होतीस.

मी गजूला सांगितलं, वहीत आहे तसंच कर. उजवीकडे पासष्ट, डावीकडे मी.

पासष्ट किलोचं काय ठेवायचं यावर गॅरेजमध्ये चर्चा झाली. शेवटी खताच्या दुकानातून पंचेचाळीस किलोचं युरियाचं पोतं आणि वीस लिटरचा पाण्याचा जार आणला. पोतं तुझ्या सीटवर बसवून गजूनं त्याला पट्टा लावला. जार पायांशी. मी डावीकडे बसलो. चाकांखाली सरकत्या पाट्या, चाकांवर चिमटे. गजू खाली वाकून नट सैल करत होता. तेल मुरलेलं असल्यामुळे ते पहिल्याच झटक्यात फिरले.

मी तासभर हललो नाही. पुस्तक नेलं होतं, उघडलं नाही. युरियाच्या पोत्याशेजारी बसून कोणी काय बोलावं याची काही प्रथा नाही, म्हणून मी आधी इकडे-तिकडे पाहिलं आणि मग हळू आवाजात सांगितलं की एसटीतून मला तुझा हॉर्न ऐकू आला होता. मी झोपेचं सोंग केलं होतं. खरं तर तू पुढे गेल्यावर हिंगणघाटपर्यंत मी खिडकीतून तुझी गाडी शोधत होतो. शेजारच्या प्रवाशानं विचारलं, कोण होतं ते? मी म्हटलं, माझी बहीण. तो म्हणाला, वा. एवढं मी तुला कधी सांगितलं नाही. रागातही मला त्या ‘वा’चा फार अभिमान वाटला होता.

“सर, तोंड हालवू नका,” गाडीखालून गजू म्हणाला. “माप हालते.”

काम झाल्यावर त्यानं पोतं आणि जार उतरवला, स्वतः चालवायला बसला, आणि आम्ही हायवेवर गेलो. उजेड स्वच्छ होता. एका लांब, सपाट पुलावर, जिथे रस्त्याला कोणत्याच बाजूनं उतार नव्हता, गजूनं वेग धरला आणि मला विचारून दोन्ही हात स्टिअरिंगवरून किंचित वर उचलले. मी दार धरलं. गाडी गेली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. पूल संपला तिथे रस्त्याचा उतार सुरू झाला, तरीही ती बराच वेळ मधोमध जात राहिली. माझ्या वाचनाचा पराभव मला चाकांखाली स्पष्ट जाणवत होता.

“मॅडम बराबर होत्या, सर.”

“हो,” मी म्हटलं. “तू बरोबर होतीस.” गजूला वाटलं मी त्याच्याशी बोलतो आहे, त्यानं व्याकरणाची चूक अदबीनं सोडून दिली.

परत आल्यावर, निव्वळ शास्त्रापुरतं, मी गजूलाही खताच्या काट्यावर उभं केलं. तो एकोणनव्वद किलो भरला, म्हणजे पुलावर तुझ्या सीटवर पासष्टपेक्षा चोवीस किलो जास्त होते आणि गाडी तरीही सरळ गेली होती.